बॅरिस्टर बाबासाहेब : सनद, चवदार तळ्याचा दावा आणि आपली रिकामी कोर्टं

१४ एप्रिल असो की ६ डिसेंबर, भाषणात एक वाक्य ठरलेलं असतं : बाबासाहेब घटनेचे शिल्पकार. त्याच्या मागे-पुढे त्यांच्या पदव्या मोजल्या जातात. एम.ए., पीएच.डी., डी.एस्सी., बार-अ‍ॅट-लॉ. टाळ्या पडतात. पण त्या शेवटच्या पदवीचं बाबासाहेबांनी केलं काय, असं विचारलं तर व्यासपीठावरचे निम्मे वक्ते गप्प होतील. १९२३ साली ते लंडनहून परत आले आणि १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. मधली एकोणीस वर्षं या माणसाच्या अंगावर काळा कोट होता. चळवळ, वृत्तपत्र, गोलमेज परिषद, पुणे करार, स्वतंत्र मजूर पक्ष हे सगळं त्या कोटाच्या सोबतीने झालं. तरी आपल्या इतिहासात बॅरिस्टर आंबेडकर कोपऱ्यात उभे आहेत.

ही चूक साधी नाही, तिची किंमत आपण आजही मोजतो. माझं म्हणणं असं की बाबासाहेबांची वकिली हा चळवळीच्या बाजूला चाललेला पोटापाण्याचा धंदा नव्हता. तीन गोष्टी त्यातून उभ्या राहिल्या : कुणाच्याही मेहरबानीवर न जगणारा नेता, पुराव्यावर उभी राहणारी लढाई, आणि आरोपीच्या पिंजऱ्यातल्या माणसाच्या बाजूने उभं राहण्याची सवय. या तीन गोष्टी आपण सोडल्या म्हणून आज मोर्चा निघतो, पण खटला पडतो.

सनद कुणाच्या पैशावर मिळाली?

१९१६ साली बाबासाहेबांनी लंडनच्या ग्रेज इनमध्ये नाव नोंदवलं. पण बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती संपली आणि १९१७ साली शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. पुढे सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पै-पै साठवली. शाहू महाराजांनी मदत केली, पारशी मित्र नवल भथेना यांनी पैसे दिले, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२२ साली बॅरिस्टर झाले. १९२३ साली परत आले तेव्हा खिसा रिकामा होता. मुंबई हायकोर्टात वकिलीची सनद घ्यायलाही पैसे लागतात. तेव्हाही भथेनाच धावून आले. जुलै १९२३ मध्ये नावनोंदणी झाली.

इथे जरा थांबा. हातात लंडनची डी.एस्सी. असलेल्या माणसाला सरकारी नोकरी मिळाली नसती का? प्राध्यापकी तर त्यांनी आधी केलेलीच होती. मग त्यांनी हा बेभरवशाचा धंदा का निवडला? कारण नोकरीला मालक असतो. बडोद्याच्या नोकरीत काय झालं हे त्यांनी भोगलं होतं : शिपाई फायली लांबून टाकत होते, राहायला खोली मिळत नव्हती. सरकारी चाकरी करून सरकारविरुद्ध बोलता येत नाही, शेटजीच्या पगारावर राहून भटजीविरुद्ध लिहिता येत नाही. स्वतंत्र वकिलाला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. आज फी मिळेल, उद्या मिळणार नाही, पण तोंड आपलं असतं.

हे स्वातंत्र्य फुकट मिळालं नाही. मुंबई हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडला तेव्हा दुहेरी पद्धत होती. पक्षकाराने आधी सॉलिसिटरकडे जायचं आणि सॉलिसिटरने बॅरिस्टर निवडायचा. म्हणजे मोठ्या दिवाणी कामाची किल्ली सॉलिसिटरच्या हातात. या कचेऱ्या होत्या युरोपियनांच्या, पारशांच्या, गुजराती आणि इतर वरच्या जातींच्या. नात्यागोत्याच्या, जातीपातीच्या, व्यापाराच्या ओळखीवर काम वाटलं जायचं. तिथे महाराच्या पोराला ब्रीफ कोण देणार? कायद्याने कुणी दार बंद केलेलं नव्हतं. दार उघडं होतं, फक्त आतून कुणी हाक मारत नव्हतं. म्हणून बाबासाहेबांनी अपेलेट साइडचं आणि मुंबईबाहेरच्या जिल्हा न्यायालयांचं काम धरलं. जोडीला बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. १९२८ साली गव्हर्न्मेंट लॉ कॉलेजात शिकवायला लागले आणि १९३५ साली तिथेच प्राचार्य झाले. परळला दामोदर हॉलमधल्या कचेरीत गिरणी कामगार, झाडूवाले, गावाकडून आलेले महार-मांग-चांभार कागद घेऊन येत. त्यांच्याकडून फी ती काय मिळणार?

काही जण खवचटपणे म्हणतात, आंबेडकरांची वकिली काही चालली नाही. चालली म्हणजे काय? त्या काळात लाखो कमावणारे बॅरिस्टर मुंबईत होते, हे खरं. त्यांचा पैसा सॉलिसिटरच्या कचेरीतून यायचा आणि त्यांची मतंही बहुतेक वेळा त्याच कचेरीत घडायची. बाबासाहेबांनी वकिलीतून मिळवलं ते वेगळं होतं. उद्या कोणता खटला घ्यायचा आणि परवा कुणाविरुद्ध बोलायचं, हे त्यांनी स्वतः ठरवलं.

दोन फौजदारी खटले

कोणते खटले घेतले यावरून वकील ओळखावा. दोनच सांगतो.

पहिला पुण्यातला. १९२५ साली दिनकरराव जवळकर यांनी ‘देशाचे दुश्मन’ हे पुस्तक लिहिलं. टिळक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यावर त्यात जहरी टीका होती. केशवराव जेधे प्रकाशनात होते, केशवराव बागडे यांनी प्रस्तावना लिहिली होती. पुण्यातल्या ब्राह्मणी गोटात आग लागली, बदनामीची फिर्याद झाली आणि खालच्या कोर्टाने ब्राह्मणेतर चळवळीच्या या नेत्यांना शिक्षा ठोठावल्या. १९२६ साली पुण्याच्या सत्र न्यायालयात अपील चाललं. अपिलात आरोपींच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर आंबेडकर.

आता यात कायद्याचा मुद्दा बघा. चिपळूणकर १८८२ साली वारले, टिळक १९२० साली. मेलेल्या माणसाची बदनामी होऊ शकते का? तेव्हाच्या भारतीय दंड विधानाचं कलम ४९९ म्हणत होतं की होऊ शकते, पण ती त्याच्या कुटुंबाच्या किंवा जवळच्या नातेवाइकांच्या भावना दुखावण्यासाठी केलेली असली पाहिजे. आणि बदनामीची फिर्याद कुणीही उठून करू शकत नाही, ज्याला झळ पोचली त्यानेच ती करायची असते. बाबासाहेबांनी बोट ठेवलं ते इथेच : फिर्यादी काही जवळचा नातेवाईक नाही, मग याची बदनामी झाली कुठे? ब्राह्मण चांगले की वाईट, टिळक थोर की नाही, या वादात ते शिरलेच नाहीत. कोर्टासमोर प्रश्न काय आहे, तेवढंच त्यांनी पाहिलं. अपील मंजूर झालं, आरोपी सुटले. व्यासपीठावर हाच विषय असता तर बाबासाहेब दोन तास बोलले असते. कोर्टात त्यांना एक कलम पुरलं.

दुसरा खटला मुंबईतला, १९३४ सालचा. आरोपी होते र. धों. कर्वे. महर्षी धोंडो केशव कर्व्यांचा मुलगा, म्हणजे जातीने चित्पावन ब्राह्मण. संततिनियमनाचा प्रचार करतात म्हणून त्यांना प्राध्यापकीला मुकावं लागलं होतं. १९२७ पासून ते ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवत होते. लैंगिक प्रश्नांवर वाचकांनी विचारलेल्या शंकांना दिलेली उत्तरं अश्लील ठरवून त्यांच्यावर खटला भरला गेला. याआधी १९३१ साली एका खटल्यात त्यांना दंड झालेला होताच. सनातन्यांना कर्वे नकोसे झाले होते आणि सभ्य सुधारकांनाही त्यांच्या शेजारी उभं राहायची लाज वाटत होती. त्यांचं वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतलं. युक्तिवादाचं सार असं : लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते आपोआप अश्लील होत नाही, आणि ज्या मासिकाचा विषयच हा आहे त्याने वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची नाहीत तर करायचं काय? खटला हरला. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला.

हरलेला खटला का सांगायचा? कारण जे लोक म्हणतात की आंबेडकर एका जातीचे नेते होते आणि ब्राह्मणांचा द्वेष करत होते, त्यांना याचं उत्तर देता येत नाही. १९२६ साली ब्राह्मणांवर टीका करणाऱ्यांचा बचाव आणि १९३४ साली एका ब्राह्मणाचा बचाव. दोन्हीकडे धागा एकच आहे. माणूस प्रस्थापितांना टोचेल असं बोलला, म्हणून त्याला तुरुंगात टाकायला निघाले, तर त्याच्या बाजूने कुणीतरी उभं राहिलं पाहिजे. आरोपीचं प्रत्येक वाक्य वकिलाला पटलं पाहिजे असं नाही. त्याला शिक्षा करायला कायद्यात आधार आहे का, एवढंच वकिलाने विचारायचं असतं. ज्या समाजाला हजारो वर्षं ‘तुझं म्हणणं काय’ असं कुणी विचारलंच नाही, त्या समाजातून आलेला माणूस हा प्रश्न दुसऱ्यासाठी विचारत होता.

चवदार तळ्याचा दावा : नऊ वर्षं तीन महिने

आता दिवाणीकडे येऊ. महाडचा सत्याग्रह सगळ्यांना माहीत आहे, महाडचा दावा फार थोड्यांना.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी खर्चाने बांधलेली किंवा चालवलेली पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळं खुलं केलं, पण कागदावर. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांच्यासोबत हजारो लोक तळ्यावर गेले, पाणी प्याले. नंतर परिषदेच्या लोकांवर हल्ले झाले, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला आधीचा ठराव मागे घेतला. बाबासाहेबांनी डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह जाहीर केला.

मग सनातन्यांनी काठ्या बाजूला ठेवल्या आणि वकील गाठला. १२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या दिवाणी कोर्टात दावा दाखल झाला. प्रतिवादी : डॉ. आंबेडकर, शिवतरकर आणि सहकारी, सगळ्या अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून. दोनच दिवसांत, १४ डिसेंबरला, तात्पुरता मनाईहुकूम निघाला : अस्पृश्यांनी तळ्यावर जायचं नाही. परिषद अकरा दिवसांवर आलेली होती.

त्या परिषदेत २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. हुकूम मोडून तुरुंगात जायला जवळपास चार हजार लोक तयार होते, त्यांनी नावं दिली होती. तरीही चर्चेअंती सत्याग्रह तहकूब झाला. आजही काही उत्साही मंडळी याला माघार म्हणतात. ती माघार नव्हती. आपली लढाई स्पृश्यांशी आहे, सरकारशी दुसरी आघाडी आत्ता उघडायची नाही, असा तो हिशोब होता. शत्रूने मैदान बदललं होतं आणि त्या मैदानावर लढायची तयारी ज्याच्याकडे होती तो माणूस आपल्या बाजूला होता. मनुस्मृतीला कोर्टाचं संरक्षण नव्हतं, ती त्याच दिवशी जळली. तळ्याला कोर्टाचा हुकूम होता, तो कोर्टातच मोडायचा ठरला. २३ फेब्रुवारी १९२८ रोजी त्याच महाडच्या न्यायाधीशांनी मनाईहुकूम उठवला. मूळ दावा मात्र पुढे चालू राहिला.

दावा होता काय? वादींचं म्हणणं दोन पायांवर उभं होतं. एक, तळं आमच्या मालकीचं आहे. दोन, अस्पृश्यांनी त्यातून पाणी भरायचं नाही अशी पूर्वापार वहिवाट आहे. पहिला पाय लवकर मोडला : खालच्या दोन्ही कोर्टांनी तळं नगरपालिकेचं आहे असं ठरवलं. उरला दुसरा, वहिवाटीचा. हाच खरा धोक्याचा होता.

का धोक्याचा? कारण इंग्रजांच्या कोर्टात रूढीला कायद्याचं वजन होतं. रूढी प्राचीन, अखंड, निश्चित आणि वाजवी आहे हे सिद्ध झालं, की कोर्ट ती मान्य करायचं. म्हणजे ज्या अन्यायाविरुद्ध आपण भांडतोय, तो फार जुना आहे एवढंच दाखवलं की तो हक्क बनतो! आपल्या वेदनेचं वयच आपल्या विरोधातला पुरावा. सभेत ‘हजारो वर्षांचा अन्याय’ हा आपला सगळ्यात मोठा मुद्दा असतो. या दाव्यात तोच मुद्दा वादींच्या कामाचा होता. म्हणून प्रतिवादींना भाषणाची भाषा सोडून पुराव्याची भाषा बोलावी लागली. वहिवाट आहे म्हणता? मग ती कधीपासून, हे दाखवा. दाखवायचं ओझं वादींवर आहे.

८ जून १९३१ रोजी महाडच्या कोर्टाने दावा फेटाळला. वादी ठाण्याला अपिलात गेले, ३० जानेवारी १९३३ रोजी तिथेही हरले. मग हायकोर्टात दुसरं अपील. या काळात बाबासाहेब काय काय करत होते ते आठवा. गोलमेज परिषदा, १९३२ चा पुणे करार, १९३५ ची येवल्याची घोषणा, १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष, फेब्रुवारी १९३७ ची निवडणूक. आणि या सगळ्यात महाडच्या दाव्याची तारीख सुटली नाही. १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टात न्या. ब्रूमफिल्ड आणि न्या. एन. जे. वाडिया यांनी अपील फेटाळलं. हे ब्रूमफिल्ड म्हणजे १९२२ साली अहमदाबादला गांधींना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा देणारे न्यायाधीश. दावा दाखल झाल्यापासून नऊ वर्षं तीन महिने झाले होते. तळ्यावरच्या त्या ओंजळीला दहा वर्षं पूर्ण व्हायला तीन दिवस बाकी होते.

हायकोर्टाने काय म्हटलं हे नीट समजून घ्या, कारण आपल्याकडे हा निकाल चुकीचा सांगितला जातो. अस्पृश्यता अन्यायी आहे म्हणून तळं खुलं, असं कोर्टाने म्हटलेलं नाही. कोर्टाचं म्हणणं एवढंच की वादींना अनादी काळापासूनची वहिवाट सिद्ध करता आली नाही. तळ्याभोवती सवर्णांची घरं उभी राहीपर्यंत अस्पृश्यांना तिथून दूर ठेवण्याचा प्रसंग तरी आला असेल का, अशी शंका कोर्टाने घेतली. वहिवाट सिद्ध झाली असती तर मग ती वाजवी आहे का, सार्वजनिक हिताच्या विरुद्ध आहे का, हे बघावं लागलं असतं, असं म्हणून तो प्रश्न कोर्टाने तसाच सोडला. म्हणजे महाडला आपण जिंकलो ते न्यायाधीशाच्या हृदयपरिवर्तनामुळे नाही. समोरच्याला पुरावा देता आला नाही आणि आपण दहा वर्षं एकही तारीख चुकवली नाही, म्हणून जिंकलो.

कोर्टातून घटनेकडे

आता घटना उघडा आणि हा दावा डोळ्यासमोर ठेवून वाचा.

कलम १३ म्हणतं, मूलभूत हक्कांशी विसंगत कायदे रद्द. आणि ‘कायदा’ या शब्दात रूढी आणि परिपाठही येतात, असं त्याच कलमात लिहिलेलं आहे. महाडला वहिवाट जुनी ठरली असती तर काय, ही टांगती तलवार नऊ वर्षं डोक्यावर होती. कलम १३ ने ती काढून टाकली. आता रूढी हजार वर्षांची असो की दहा हजार, मूलभूत हक्काच्या आड आली की ती संपली. कलम १५ (२) बघा : सरकारी पैशातून चालणाऱ्या किंवा जनतेसाठी असलेल्या विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते यांच्या वापराला जातीवरून आडकाठी नाही. तळी हा शब्द तिथे स्पष्ट आहे. कलम १७ ने अस्पृश्यताच नष्ट केली. हायकोर्टाने १९३७ साली जो प्रश्न सोडून दिला होता, त्याचं उत्तर घटनेने १९५० साली दिलं.

ही कलमं एकट्या माणसाने घडवली असं मी म्हणत नाही. त्यामागे समित्या होत्या, घटना समितीतली चर्चा होती. पण मसुदा समितीच्या अध्यक्षस्थानी असा माणूस होता, ज्याने ‘वहिवाट’ हा शब्द प्रतिवादी म्हणून सोसला होता. आणि फौजदारी बाजू? अटकेच्या बाबतीतलं कलम २२. अटक झालेल्याला कारण सांगायचं, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर न्यायचं, त्याला आपल्या पसंतीचा वकील देऊ द्यायचा. ही तरतूद बाबासाहेबांनी सप्टेंबर १९४९ मध्ये घटना समितीत मांडली. ‘ड्यू प्रोसेस’ हे शब्द गळाल्यामुळे नागरिकाचं संरक्षण कमी पडतं, ही टीका होत होती, आणि ती भरून काढायचा हा प्रयत्न होता. त्याच कलमात प्रतिबंधक स्थानबद्धतेची सोयही आहे आणि तिचा गैरवापर आपण पाहतो आहोत, हेही लपवायचं कारण नाही. आणि कलम ३२, म्हणजे हक्क मोडला तर थेट सर्वोच्च न्यायालयात जायचा हक्क. यालाच बाबासाहेबांनी घटनेचा आत्मा म्हटलं. ज्याने कोर्टाची पायरी रोज चढली, त्याला माहीत होतं की ज्या हक्कासाठी कोर्टात जाता येत नाही तो हक्क भिंतीवरच्या तसबिरीसारखा असतो.

आज आपली कोर्टं रिकामी का?

आता खरा प्रश्न. हा वारसा आपण कुठे नेऊन ठेवला?

२९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारलं. महाराष्ट्र पेटला. २००८ साली भंडाऱ्याच्या कोर्टाने खुनाची शिक्षा दिली, पण अ‍ॅट्रॉसिटी कायद्याची कलमं टिकली नाहीत. २०१० साली हायकोर्टानेही जातीचं कारण मानलं नाही. साऱ्या महाराष्ट्राला जे दिसत होतं ते कोर्टाच्या कागदावर आलं नाही. न्यायव्यवस्थेवर राग यायला हवाच. पण महाडच्या दाव्याने आपल्याला काय शिकवलं होतं? जे सगळ्यांना माहीत असतं ते कोर्टाला माहीत नसतं. ते सिद्ध करावं लागतं. फिर्यादीत पहिल्या दिवशी कोणती वाक्यं लिहिली गेली, जबाब कुणी घेतला, जातीचा दाखला कधी जोडला, साक्षीदाराला गावात राहायचं बळ कुणी दिलं, यावर खटला उभा राहतो. मोर्चा तिसऱ्या दिवशी निघतो. पंचनामा पहिल्या दिवशी झालेला असतो. तेव्हा पोलीस ठाण्यात आपला वकील होता का?

हत्यारं आपल्याकडे आहेत. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १५-अ सांगतं की जामिनासकट प्रत्येक सुनावणीची माहिती पीडिताला मिळाली पाहिजे आणि जामीन, दोषमुक्ती, शिक्षा या टप्प्यांवर त्याचं म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे. १९९५ च्या नियमांतला नियम ४ म्हणतो की पीडिताची इच्छा असेल तर जिल्हाधिकारी नामांकित ज्येष्ठ वकील नेमू शकतात. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. किती वस्त्यांत हे माहीत आहे? आरोपीचा जामीन होऊन तो गावात हार घालून फिरतो, तेव्हा पीडिताला कळतं की जामिनाची सुनावणी झाली!

बचावाची बाजू तर आपण पुरतीच सोडली आहे. ३ जानेवारी २०१८ च्या महाराष्ट्र बंदनंतर वस्त्यावस्त्यांतल्या तरुणांवर गुन्हे दाखल झाले. बंदची हाक देणारे टीव्हीवर दिसले. पण ज्या पोरावर दंगलीचं कलम लागलं, त्याची नोकरीची चारित्र्य पडताळणी अडली, पासपोर्ट अडला, त्याच्यासाठी दर महिन्याला तालुक्याच्या कोर्टात कोण उभं राहिलं? काही ठिकाणी आपलेच तरुण वकील फी न घेता उभे राहिले, त्यांना सलाम. पण त्यांच्या मागे चळवळ म्हणून आपण उभे नव्हतो. जयंतीच्या डीजेला जेवढी वर्गणी निघते, तेवढी तालुक्याच्या वकिलाच्या टायपिंगला आणि एसटीच्या भाड्याला निघत नाही.

यावर एक आक्षेप येणार, तो आत्ताच घेतो. कोर्टं मनुवादी आहेत, तिथे आपल्याला न्याय मिळत नाही, मग तिथे शक्ती का घालवायची? बाबासाहेबांच्या काळात कोर्टं आपल्या बाजूची होती काय? महाडचा मनाईहुकूम दोन दिवसांत मिळाला होता आणि कायद्यात रूढीला मान होता. त्या कोर्टात, त्या कायद्यात, अस्पृश्य प्रतिवादी म्हणून ते लढले. त्यांनी रस्ता सोडला नाही आणि कोर्टही सोडलं नाही. मनुस्मृतीदहन आणि दावा एकाच महिन्यात चालले. जो म्हणतो फक्त कोर्ट, तो चळवळ मारतो. जो म्हणतो फक्त रस्ता, तो रस्त्यावर उतरलेल्या पोराला पोलीस गाडीत एकटं सोडतो.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. प्रत्येक तालुक्यात दोन वकील असे हवेत, जे कुणा पक्षाच्या, कुणा ठेकेदाराच्या, कुणा आमदाराच्या ब्रीफवर जगत नाहीत. ते जगतील कसे, याची जबाबदारी चळवळीने घ्यायची. भथेनांनी मित्राच्या सनदेचे पैसे भरले होते, आपण आपल्या पोरापोरींच्या सनदेचे भरू. मंडळाच्या हिशोबवहीत मंडप, बॅनर, भोजन यांच्या खाली एक ओळ वाढवा : कोर्टखर्च. विहारात एक रजिस्टर ठेवा, त्यात आपल्या भागातला प्रत्येक खटला, त्याचा क्रमांक आणि पुढची तारीख लिहा. दर रविवारी वंदनेनंतर त्या आठवड्यातल्या तारखा वाचून दाखवा आणि त्या दिवशी चार माणसं कोर्टात बसतील याची सोय करा. साक्षीदार फुटतो तो बहुतेक वेळा एकटा असतो म्हणून.

बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या हातात पुस्तक आहे, ते घटनेचं आहे. त्या पुस्तकाआधी एकोणीस वर्षं त्या हातात खटल्याची कागदपत्रं होती. पुतळ्यासमोर हार घालून झाला असेल, तर उद्या सकाळी अकराला तालुक्याच्या कोर्टात आपल्यातल्या कुणाची तारीख आहे, ते विचारा.

जय भीम!